वॉर्डातल्या मुंग्या आणि औषधाला दाद न देणारे जंतू: संबंध किती, भीती किती?

निशाचर

वडिलांच्या उशाशी नुकत्याच अकरा रात्री काढल्या. पाचव्या रात्री तीनच्या सुमारास झोप येईना म्हणून सलाईनच्या थेंबांकडे बघत बसलो होतो, तर स्टँडच्या दांड्यावरून एक बारीक पिवळसर रेघ खाली उतरताना दिसली. मोबाईलचा उजेड टाकला तर मुंग्या. जेमतेम दोन मिलिमीटरच्या, उजेड आरपार जाईल अशा. नळीवरून मनगटापर्यंत पोचलेल्या, आणि चार-पाच तर सुईवरच्या चिकटपट्टीच्या कडेखाली शिरत होत्या.

सिस्टरना उठवलं. त्यांनी स्पिरिटच्या बोळ्याने सगळं पुसलं, पट्टी बदलली. सकाळी तक्रार केल्यावर एक माणूस पंप घेऊन आला आणि फवारून गेला. दोन दिवस बरे गेले. मग शेजारच्या दोन खोल्यांतले नातेवाईक तीच तक्रार घेऊन उभे. आधी त्यांच्याकडे मुंग्या नव्हत्या!

आठव्या दिवशी वडिलांना ताप भरला. लघवीचं कल्चर केलं, म्हणजे त्यातले जंतू वाढवून पाहिले, तर क्लेबसिएला नावाचा जंतू निघाला. रिपोर्टात औषधांच्या नावांपुढे आर, आर, आर अशी रांग आणि तळाच्या दोनच औषधांपुढे एस. म्हणजे बाकी सगळ्यांना त्या जंतूने धुडकावलेलं. आता वडील घरी आहेत, बरे आहेत. माझ्या डोक्यातली रेघ मात्र जात नाही. हा जंतू त्या मुंग्यांनी आणला का? इथे वैद्यकीय क्षेत्रातले बरेच जण आहेत म्हणून विचारतोय. रुग्णालयाचं नाव विचारू नका, सांगणार नाही.

सूक्ष्मदर्शी

वडील बरे आहेत हे वाचून बरं वाटलं. मी सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करतो, तेव्हा माझ्या बाजूने सांगतो.

वर्णनावरून ही फारो मुंगी दिसते. नाव इजिप्तच्या राजांवरून पडलं, पण तिचं खरं राज्य म्हणजे ऊबदार आणि दमट इमारती. रुग्णालयं तिला फारच मानवतात. तिचा जंतूंशी संबंध नवा नाही. १९७२ साली 'लॅन्सेट'मध्ये बीटसन यांचा एक लेख आला होता. इंग्लंडमधल्या रुग्णालयांतल्या फारो मुंग्यांवर स्यूडोमोनास, स्टॅफिलोकॉकस, साल्मोनेला, क्लॉस्ट्रिडियम असे जंतू सापडले होते. या मुंग्यांना ओलावा लागतो, त्यामुळे त्या जखमेच्या ड्रेसिंगखाली, सलाईनच्या संचात, अगदी निर्जंतुक म्हणून बंद केलेल्या पाकिटातही शिरतात. तुम्ही पट्टीखाली पाहिलं ते त्यातलंच.

आता "आणला का?" या प्रश्नाकडे येतो. डास मलेरिया पसरवतो तेव्हा परजीवीच्या आयुष्याचा एक टप्पा डासाच्याच शरीरात पार पडतो. डासाशिवाय तो खेळ पुढे सरकत नाही. मुंगी, माशी, झुरळ यांचं तसं नाही. ते हमालासारखे. पायाला, अंगावरच्या केसांना, सोंडेला किंवा आतड्याला लागलेलं इकडून उचललं, तिकडे टाकलं. हमाल नसता तर माल पोचलाच नसता असं छातीठोकपणे म्हणता येत नाही, कारण त्याच रस्त्यावर दुसरे हमाल खूप आहेत. आणि त्यांतले बहुतेक दोन पायांचे.

तर्कट

शेवटच्या वाक्यासाठी +१.

या विषयावरचे शोधनिबंध मी हौसेने वाचत असतो. त्यातले निम्मेअधिक एकाच साच्यातले. रुग्णालयातली झुरळं पकडली, सलाईनच्या पाण्यात खळबळून धुतली, ते पाणी प्लेटवर पसरलं, जंतू उगवले, त्यातले इतके रेझिस्टंट, म्हणजे औषधाला दाद न देणारे, निघाले, सबब झुरळ धोकादायक. अहो, त्याच वॉर्डातलं दाराचं हँडल धुतलं, डॉक्टरांचा मोबाईल धुतला, गळ्यातला स्टेथोस्कोप धुतला तरी तेच उगवेल! ज्या इमारतीत रेझिस्टंट जंतू भरून राहिलेत तिथे फिरणाऱ्या प्रत्येक गोष्टीवर ते असणारच. झुरळ हा गुन्हेगार आहे की नुसता आरसा, हे त्या निबंधांतून ठरत नाही.

वाटसरू_७

वाचतोय. (झुरळाला आरसा म्हणणारा पहिलाच माणूस पाहिला. हलके घ्या.)

सूक्ष्मदर्शी

@तर्कट, आक्षेप मान्य. अंगावर जंतू असणं वेगळं आणि त्यातून माणसाला संसर्ग होणं वेगळं. पहिल्याचे पुरावे ढिगाने आहेत, दुसऱ्याचे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. पण जे आहेत ते सोडून देण्यासारखे नाहीत.

२००० साली दक्षिण आफ्रिकेतल्या एका नवजात शिशु विभागातला अनुभव प्रसिद्ध झाला. तिथल्या बाळांना ईएसबीएल बनवणाऱ्या क्लेबसिएलाचा गंभीर संसर्ग होत होता. ईएसबीएल म्हणजे पेनिसिलिन आणि सेफॅलोस्पोरिन गटातली बरीच औषधं तोडून टाकणारं विकर. त्या विभागात झुरळंही होती. त्यांनी नुसतं "झुरळावर क्लेबसिएला सापडला" एवढ्यावर थांबायचं नाही असं ठरवलं आणि डीएनएचे तुकडे पाडून पट्ट्यांचा नमुना ताडून पाहिला. बाळांकडून मिळालेले काही जंतू आणि झुरळांवरचे जंतू वेगळे ओळखता येईनात, इतके ते सारखे होते. तरीही लेखकांनी शीर्षकात झुरळांची "संभाव्य भूमिका" एवढंच म्हटलं. मला तो संयम आवडतो. झुरळाकडून बाळाकडे, बाळाकडून झुरळाकडे, की दोघांकडे तिसऱ्याच ठिकाणाहून, हे पट्ट्या सांगत नाहीत.

दुसरी गोष्ट, जिच्यामुळे मी कीटकाला "नुसतं दाराचं हँडल" म्हणायला तयार नाही. हँडलला आतडं नसतं. माशी घन पदार्थ खाऊ शकत नाही, ती लाळ आणि अन्नपोटीतला ऐवज बाहेर ओकते, पदार्थ विरघळवते आणि शोषून घेते. त्या अन्नपोटीत आणि आतड्यात वेगवेगळ्या ठिकाणांहून आलेले जंतू एकमेकांना खेटून राहतात. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात घरमाशीच्या पचननलिकेत एन्टेरोकॉकसच्या एका वाणाकडून दुसऱ्या वाणाकडे टेट्रासायक्लिनला न जुमानण्याचा जनुक प्लाझ्मिडवर बसून गेला. प्लाझ्मिड म्हणजे जंतूंनी एकमेकांना द्यायची डीएनएची छोटी कडी. थोडक्यात, माशीच्या पोटात नुसती वाहतूक होत नाही, देवाणघेवाणही होते. प्रयोगशाळेतल्या माश्या होत्या, मुद्दाम जंतू पाजलेल्या, हे @तर्कट विचारायच्या आधीच सांगून टाकतो.

तर्कट

विचारणारच होतो. :)

एक_सिस्टर

बावीस वर्षं वॉर्डात काम करते आहे. धागा वाचून राहवलं नाही.

निशाचर, रात्री एका सिस्टरकडे किती पेशंट असतात ते तुम्ही अकरा रात्री पाहिलंच असेल. त्यामुळे "पुसून घेतलं" या दोन शब्दांवर फार रागावू नका. पट्टी बदलली हे तिने योग्यच केलं. मी असते तर सुईची जागाही बदलली असती आणि नोंद केली असती. ती नोंद होत नाही, हा आमचा दोष. पडलेला पेशंट, चुकलेला डोस, टोचलेली सुई, यांच्या नोंदीची सवय आम्हाला लावली गेली. "बेड क्रमांक अमुकवर मुंग्या" हे कुठल्या रकान्यात लिहायचं तेच ठाऊक नसतं. मग ते तोंडी सांगितलं जातं, पाळी बदलली की विसरलं जातं.

सगळे मुंग्या-झुरळांवर बोलताहेत. मला मात्र सिंकवर बसणारी ती केसाळ, छोट्या पतंगासारखी माशी जास्त छळते. मारली की बोटावर राखाडी भुकटी राहते तीच. आम्ही वर्षानुवर्षं तिला वरून मारत आलो. मग एका प्रशिक्षणात कळलं की तिच्या अळ्या सिंकच्या जाळीखालच्या बुळबुळीत थरावर वाढतात. म्हणजे ती माशी दिसली की समजायचं, खाली थर साठला आहे.

सूक्ष्मदर्शी

@एक_सिस्टर, तुम्ही नेमक्या जागी बोट ठेवलंत. तो बुळबुळीत थर म्हणजे बायोफिल्म. स्यूडोमोनास, क्लेबसिएला आणि त्यांचे भाऊबंद त्यात महिनोन्‌महिने ठाण मांडतात. जंतुनाशक ओतलं तर वरचे मरतात, आतले टिकतात. टोरांटोतल्या एका आयसीयूत हात धुण्याच्या सिंकमधूनच स्यूडोमोनास पेशंटपर्यंत पोचत होता, त्याचा अहवाल २००९ साली आला. त्यांनी ड्रेनमध्ये चमकणारा रंग ओतला आणि नळ सोडला, तर शिंतोडे मीटरभर लांब उडाले. नळाची धार थेट जाळीवर पडत होती! हात धुवायला गेलेला माणूसच जंतू घेऊन परत येत होता.

या गोष्टीत कीटक कुठेच नाही, हे लक्षात घ्या. पण अशा सिंकवर माशी बसत असेल तर ती फुकटात मिळालेली सूचना आहे.

फवारा_बंद

नमस्कार. मी पेस्ट कंट्रोलच्या धंद्यात आहे. आयडी मुद्दाम घेतलाय.

निशाचर, शेजारच्या दोन खोल्यांत मुंग्या का गेल्या ते सांगतो. त्या फवारणीमुळेच गेल्या. फारो मुंगीच्या वारुळात राणी एक नसते, अनेक असतात. आणि वारूळ म्हणजे तरी काय, भिंतीतली फट, स्विचबोर्डची पोकळी, घडी घातलेल्या चादरींचा गठ्ठा, काहीही चालतं. वास उग्र असलेलं औषध मारलं की रस्त्यावरच्या कामकरी मुंग्या मरतात, आतल्यांना धोका कळतो आणि वसाहत फुटते. थोड्या कामकरी मुंग्या अंडी-अळ्या उचलतात, जमल्यास एखादी राणी बरोबर घेतात आणि पलीकडे नवा संसार मांडतात. एकाची दोन, दोनाची पाच. गिऱ्हाइकाला वाटतं औषध कमी पडलं, अजून मारा.

इलाज उलटा. मुंग्यांना मारायचं नाही, खायला घालायचं. बोरिक ॲसिड किंवा वाढ रोखणारं संप्रेरक-औषध घातलेलं आमिष, तेही संथपणे काम करणारं, म्हणजे कामकरी मुंगी ते राणीपर्यंत आणि अळ्यांपर्यंत नेऊन पोचवील. आठवडे लागतात. त्या काळात मुंग्यांची रांग दिसत राहते, आणि ते कोणाला सहन होत नाही. व्यवस्थापनाला दुसऱ्या दिवशी रांग बंद हवी असते. पंप घेऊन आलेला माणूस काम करताना दिसतो, आमिषाचे ठिपके लावून गेलेला माणूस काहीच न करता पैसे घेऊन गेला असं वाटतं!

झुरळांची गंमत आणखी वेगळी. रुग्णालयात मुख्य त्रास जर्मन झुरळाचा. अंड्यांची एक कुपी, तिच्यात तीस-चाळीस पिल्लं, आणि मादी ती कुपी फुटायच्या वेळेपर्यंत पोटाला लावून हिंडते, त्यामुळे अंड्यांपर्यंत औषध पोचत नाही. १९९३ मध्ये अशी जर्मन झुरळं नोंदवली गेली की जी ग्लुकोज घातलेलं आमिष खाईनात. पुढे २०१३ मध्ये 'सायन्स'मध्ये कारण आलं: त्यांच्या तोंडातल्या कडू चव ओळखणाऱ्या पेशी ग्लुकोजलाही दाद द्यायला लागल्या होत्या. साखर त्यांना कडू लागायला लागली. आमिषात साखर घालणाऱ्यांनीच ती जात निवडून वाढवली.

सूक्ष्मदर्शी

आमच्या खात्यातली गोष्टच दुसऱ्या खात्यात ऐकतोय असं वाटलं. तेच औषध पुन्हा पुन्हा, अर्धवट मात्रेत, आणि मागे उरणारे ते चिवट.

फवारा_बंद

अगदी. २०१९ साली अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या अभ्यासात एकाच पिढीत झुरळांची सहनशक्ती चार ते सहा पट वाढलेली दिसली, आणि जे औषध दिलंच नव्हतं त्यालाही ती पुरून उरली. तुमच्याकडचे रेझिस्टंट जंतू आमच्याकडच्या रेझिस्टंट झुरळावर बसून फिरतात म्हणा.

एक विनंती, ती निळ्या दिव्याची चर्रकन जाळणारी जाळी पेशंटजवळ किंवा ड्रेसिंगच्या खोलीत लावू नका. विजेच्या धक्क्याने माशी फुटते आणि तिच्यातले जंतू हवेत उडतात, हे प्रयोगांत दाखवलं गेलंय. दिवा हवाच असेल तर मागे चिकट फलक असलेला घ्या. माशी अख्खी चिकटते, आणि फलकावरच्या माश्या मोजता येतात, हा वरचा फायदा.

आकडेमोड

हा विषय निघाला की एक बातमी हमखास चिकटवली जाते, "रुग्णालयातल्या दहापैकी नऊ कीटकांवर घातक जंतू", म्हणून कोणी चिकटवण्याआधी लिहितो.

मूळ अभ्यास ॲस्टन विद्यापीठाचा, २०१९ चा. ब्रिटनमधल्या सात रुग्णालयांतून अठरा महिन्यांत जवळजवळ २०,००० कीटक गोळा केले. तीन-चतुर्थांश माश्यांच्या कुळातले, बाकी मावा, मुंग्या, मधमाश्या, पतंग वगैरे. त्यातून ८६ जंतूंचे वाण वेगळे केले. पैकी ५३ टक्के किमान एका गटातल्या प्रतिजैविकाला दाद देत नव्हते, आणि १९ टक्के अनेक गटांना.

आता बघा, हे ५३ टक्के कशाचे? त्या ८६ वाणांचे. वीस हजार कीटकांचे नव्हेत! मी स्वतः दोन ठिकाणी "निम्म्या माश्यांवर रेझिस्टंट जंतू" असं वाचलंय. शिवाय त्यात सगळ्यात जास्त आढळलेला रेझिस्टन्स पेनिसिलिनला होता. त्याची बातमी करण्यात अर्थ नाही, निसर्गात फिरणारे कितीतरी जंतू पेनिसिलिनला मुळातच भीक घालत नाहीत. कार्बापेनेमला, म्हणजे शेवटच्या फळीतल्या प्रतिजैविकाला, न जुमानणारा ॲसिनेटोबॅक्टर मिळाला तर झोप उडावी, पेनिसिलिनला न जुमानणारा बॅसिलस मिळाला तर नव्हे. "रेझिस्टंट" या एका शब्दाखाली दोन्ही ढकलले जातात.

पानगळ

आणि ढेकूण? ढेकणांवर एमआरएसए (मेथिसिलिनला न जुमानणारा स्टॅफिलोकॉकस) सापडल्याचं वाचल्यापासून प्रवासात गादी उलटून पाहिल्याशिवाय झोपत नाही मी.

आकडेमोड

पाच ढेकूण. व्हँकूव्हरमधल्या तीन पेशंटकडून मिळालेले एकूण पाच. २०११ सालचं छोटं पत्र होतं ते. तिघांवर एमआरएसए, दोघांवर व्हँकोमायसिनला न जुमानणारा एन्टेरोकॉकस. पाहणी खरी, नोंदवण्यासारखीही, पण पाच ढेकणांनी जगभर जेवढी शाई आणि झोप खर्च करवली तेवढी बहुधा कोणत्याच पाच ढेकणांनी केली नसेल. गादी उलटून पाहा, ढेकूण चावतो हेच कारण पुरेसं आहे.

वाटसरू_७

अवांतर: २०१० मध्ये नॉटिंगहॅमच्या संशोधकांनी झुरळाच्या मेंदूतून एमआरएसए मारणारे रेणू काढले होते ना? म्हणजे डोक्यात औषध आणि पायात रोग. कुठे ठेवतो तो एवढं सगळं!

तर्कट

गंभीर उत्तर देतो. घाणीत राहायचं तर स्वतःचा बचाव लागतोच, त्यामुळे त्यात नवल नाही. त्या रेणूंचं दुकानात मिळणारं औषध मात्र माझ्या पाहण्यात नाही.

मूळ मुद्द्यावर: सूक्ष्मदर्शींशी माझं भांडण आता फारसं उरलेलं नाही, पण एक भीती आहे. कीटक दिसतो, त्याची किळस येते, त्यामुळे त्याच्यावर आळ घेणं सोपं जातं. हात दिसतात तेव्हा ते डॉक्टरांचे किंवा आपल्याच माणसाचे असतात. व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहातल्या सेमेलवाइस या डॉक्टरने १८४७ मध्ये हात धुवायला सांगितलं तेव्हा त्याच्यावर जे चिडले ते डॉक्टरच होते. तो माश्या मारा म्हणाला असता तर कोणी चिडलं नसतं. जागतिक आरोग्य संघटनेचा २०२२ चा अंदाज आहे की तीव्र आजारासाठी दाखल झालेल्या दर शंभर पेशंटपैकी श्रीमंत देशांत ७ आणि बाकी देशांत १५ जणांना रुग्णालयातच किमान एक संसर्ग जडतो. त्यातला कीटकांचा वाटा कोणी मोजलेला मला दिसला नाही.

एक_सिस्टर

हातांबद्दल बोललात ते बरोबरच. पण "दोन पायांचे हमाल" म्हणून सगळं आमच्यावर येऊन थांबतं, तेही बघा. माझ्याकडे हात चोळायचं द्रावण संपलेलं असतं, आणि सिंकचा नळ थेट जाळीवर धार सोडतो. नळ मी बसवलेला नाही. भिंतीतून पाईप जातो त्याभोवतीची बोटभर फट मी ठेवलेली नाही. त्या फटीतून झुरळ येतं, मी ते चपलेने मारते, आणि कोणीतरी विचारतं की सिस्टर हात धुतलेत का.

फवारा_बंद

ताई, त्या फटीवर माझा अर्धा धंदा चालतो. जर्मन झुरळाला दीड-दोन मिलिमीटर फट पुरते. ती सिमेंटने किंवा सिलिकॉनने बुजवायला एक दुपार लागते. पण ते काम देखभाल विभागाचं, फवारणीचं कंत्राट माझं, संसर्ग नियंत्रण समिती तिसरीच. तिघांची बैठक एकत्र झालेली मी एकदाच पाहिली, आणि त्या ठिकाणी वर्षभरात चिकट सापळ्यांवरचे आकडे उतरले.

सूक्ष्मदर्शी

@निशाचर, तुमच्या प्रश्नाचं उत्तर अजून दिलंच नाही. एक विचारतो. वडिलांना लघवीची नळी होती का? किती दिवस?

निशाचर

होती. दाखल केल्या दिवसापासून.

सूक्ष्मदर्शी

मग माझा संशय नळीवर, मुंगीवर नाही. मुंग्या हातावरच्या सुईपाशी होत्या, जंतू लघवीत निघाला. सुईच्या जागी पू झाला असता किंवा रक्ताच्या कल्चरमध्ये तोच क्लेबसिएला आला असता तर मी वेगळं बोललो असतो. नळी आत असलेल्या दर दिवसामागे लघवीत जंतू शिरण्याची शक्यता साधारण ३ ते ७ टक्के धरतात. आठव्या दिवशी ताप आला यात मला अजिबात आश्चर्य वाटत नाही. क्लेबसिएला बहुधा वडिलांच्याच आतड्यातून किंवा कोणाच्या तरी हातांवरून तिथे गेला असेल. रेझिस्टंट का, तर दाखल झाल्यावर आधी कोणती प्रतिजैविकं दिली ते पाहा.

मुंग्यांनी आणलाच नाही हेही मी सिद्ध करू शकत नाही. त्या मुंग्या कोणी प्लेटवर सोडल्या नाहीत, आता सोडताही येणार नाहीत.

निशाचर

दोन दिवसांनी उत्तर देतोय, कारण डिस्चार्जची फाईल शोधत होतो.

नळी नऊ दिवस होती. पहिल्या दिवशी घातल्याची नोंद आहे, कारणासकट. तिसऱ्या दिवसापासून वडील आधाराने बाथरूमपर्यंत चालत होते, मीच नेत होतो, ती पिशवी हातात धरून! रोजच्या पानावर "नळी चालू" एवढंच लिहिलंय. का चालू, ते एकाही पानावर नाही. मीही विचारलं नाही. माझं सगळं लक्ष स्टँडवरच्या रेघेकडे होतं.

रुग्णालयाला पत्र लिहिलं आहे. त्यात दोन्ही गोष्टी घातल्या, नळीही आणि मुंग्याही. फवारणीमुळे मुंग्या पसरल्याचं @फवारा_बंद यांच्या शब्दांत लिहिलं, चालेल ना?

फवारा_बंद

चालेल की. फक्त एक ओळ वाढवा: आमिष लावल्यावर ती भिंत फिनाईलने पुसू नका. नाहीतर रात्री कोणीतरी स्वच्छतेच्या उत्साहात ठिपके पुसून टाकतं, आणि मला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

एक_सिस्टर

आणि मुंग्यांचा फोटो असेल तर जोडा. बेड क्रमांक, तारीख आणि वेळ घालून.